३५ मि.मी. आणि १२० फिल्मच्या लेन्सची तुलना: आधी प्रिंट ठरवा, मग आकडे जुळवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या फोटो स्टुडिओची कपाटं उघडली की बहुतेक ठिकाणी १२० ची रुंद फिल्म घेणारी एखादी याशिका निघते, नशीब असेल तर मामिया. घरात ३५ मि.मी. फिल्मचा निकॉन किंवा पेंटॅक्स आधीपासून असतो. मग तुलना सुरू होते आणि तीन वाक्यं हमखास कानावर येतात. "हिची लेन्स ८० ची आहे, म्हणजे माझ्या ५० पेक्षा जवळचं दिसणार." "ही साडेतीनला उघडते, माझी १.८ ला, म्हणजे माझीच चांगली." आणि "दोन्ही स्कॅन केले, शंभर टक्क्यांवर बघितले, काही फरक नाही."

तिन्ही निष्कर्ष चुकतात आणि चुकीचं मूळ एकच असतं. शेवटी किती मोठा आणि कुठल्या आकाराचा फोटो हवा आहे हे न ठरवताच लेन्सवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवले जातात. लेन्सवरचा आकडा खोटा नसतो, पण त्याचा अर्थ निगेटिव्हच्या मापावर ठरतो आणि निगेटिव्हचा किती भाग वापरायचा हे प्रिंटवर ठरतं. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका.

उदाहरणासाठी मी एक नेहमीची जोडी घेतली आहे: ५० मि.मी. लेन्सचा ३५ मि.मी. कॅमेरा आणि ८० मि.मी. एफ/३.५ लेन्सची दोन डोळ्यांची याशिका, म्हणजे ६×६ (नावापुरती ६ सें.मी.ची चौकोनी निगेटिव्ह). एफ/ पुढचा आकडा लेन्स किती उघडते ते सांगतो; आकडा लहान तितकं भोक मोठं. तुमची जोडी वेगळी असेल तर रीत हीच ठेवा, आकडे तुमचे घाला.

## तयारी: रोल भरण्याआधी

फिल्म. दोन्ही कॅमेऱ्यांत एकच फिल्म हवी. इलफर्ड एचपी५ प्लस किंवा एफपी४ प्लस दोन्ही मापांत मिळते. एकात कलर आणि दुसऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट घातलीत तर ती फिल्मची तुलना होईल, लेन्सची नाही.

लेन्सची तपासणी. आपल्याकडे, विशेषतः जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यातला दमटपणा लेन्सच्या मुळावर येतो. शटर बी वर ठेवा (बटण दाबलेलं असेतो ते उघडं राहतं), अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक पूर्ण उघडा आणि मागून तिरका टॉर्च मारून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे दुधाळ पडदा दिसला तर तो आतल्या काचेवर बसलेला थर. दुधाळ लेन्स तुलनेला घेऊच नका, तिचा कॉन्ट्रास्ट आधीच मेलेला असतो. याशिकात वरची लेन्स फक्त बघण्यासाठी असते. तिला थोडी बुरशी असली तर फोटोला धक्का लागत नाही, फोकस करताना मात्र त्रास होतो.

कड्यावरचं नाव. "याशिकाची लेन्स" एवढ्यानं भागत नाही. याशिकोर तीन काचांची, याशिनॉन चार काचांची. कोपऱ्यांत दोघींचा निकाल वेगळा येतो, त्यामुळे वहीत पूर्ण नाव लिहा.

मागची दाबपट्टी. याशिका-मॅट १२४ आणि १२४ जी या मॉडेलांत मागच्या झाकणावरची काळी पट्टी १२० आणि २२० अशा दोन जागी सरकते. १२० ला मागे कागद असतो, २२० ला नसतो, म्हणून ही सोय. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्यात ती कुणीतरी सरकवून ठेवलेली सापडते. ती १२० च्या जागी नसेल तर फिल्म सपाट बसत नाही आणि दोष लेन्सच्या माथी जातो. पाच सेकंदांचं काम आहे, पण बघायचं राहून जातं.

शटर. जुन्या लीफ शटरची, म्हणजे लेन्सच्या आतल्या शटरची, पाती तेलानं जड होतात. मागचं झाकण उघडून १ सेकंद, १/२, १/४ असे वेग चालवून कान देऊन ऐका. १ सेकंदाचा शटर मध्येच अडखळत असेल तर आधी मेकॅनिककडे न्या.

बाकी सामान: पक्का स्टँड, केबल रिलीज, गवंड्याकडचा पाच मीटरचा टेप, हातभर सपाट आरसा, जुने पेपर, चिकटपट्टी, वही. लाइट मीटर एकच. फोनवरचं अॅपही चालेल, पण दोन्ही कॅमेऱ्यांना तेच.

तपासा: बघायच्या काचेवरचा फोकस आणि फिल्मवरचा फोकस एकच आहे का? रिकाम्या कॅमेऱ्यात, फिल्म जिथून सरकते त्या आतल्या रुळांवर घासलेल्या काचेचा तुकडा खरखरीत बाजू लेन्सकडे करून ठेवा, शटर बी वर उघडा आणि लूपनं (डोळ्याला लावायच्या भिंगानं) बघा. वर स्पष्ट दिसणारी रेघ इथेही स्पष्ट हवी. इथे फरक निघाला तर पुढचं सगळं करणं व्यर्थ आहे.

## १. प्रिंट ठरवा

वहीत पहिली ओळ ही लिहा: किती इंची प्रिंट? ८×१०, १२×१८, की चौकोनी? मी पुढे ८×१० धरतो. हा आकार सगळीकडे मिळतो आणि दोन्ही निगेटिव्हना त्यात थोडी काटछाट सोसावी लागते.

"नंतर बघू" असं म्हणून ही ओळ रिकामी सोडायची नाही. ती किती महत्त्वाची आहे ते तिसऱ्या पायरीत दिसेलच.

## २. निगेटिव्ह खरोखर मोजा

नावावर जाऊ नका. ६×६ निगेटिव्ह ६० मि.मी. नसते, जवळपास ५६×५६ असते. ६×४.५ सुमारे ५६×४१.५, ६×७ सुमारे ५६×६९.५, ६×९ सुमारे ५६×८४. ३५ मि.मी. मात्र ३६×२४. कॅमेऱ्यागणिक अर्धा-एक मि.मी. इकडेतिकडे होतो, म्हणून धुतलेल्या निगेटिव्हवर पट्टी ठेवून स्वतः मोजलेलं माप लिहा.

आता ८×१० साठी त्यातला किती भाग वापरला जाईल ते काढा. प्रमाण ४:५.

- ३५ मि.मी.: ३०×२४ (लांबीतले ६ मि.मी. वाया)
- ६×४.५: सुमारे ५२×४१.५
- ६×६: ५६×४४.८
- ६×७: ६९.५×५५.६ (जवळपास पूर्ण)

## ३. फोकल लेंथ जुळवा, पण प्रिंटच्या मापानं

फोकल लेंथ म्हणजे लेन्सवरचा ५० किंवा ८० मि.मी. हा आकडा. तो जुळवायला निगेटिव्हचे कर्ण भागून गुणक काढायचा, ही रीत सगळीकडे सांगितली जाते. ३५ मि.मी.चा कर्ण ४३.३, ६×६ चा ७९.२, भागाकार १.८३. ८० भागिले १.८३ म्हणजे सुमारे ४४. उत्तर दिसायला छान आहे. पण लांबट फ्रेमचा आणि चौकोनी फ्रेमचा कर्ण एकमेकांशी ताडून तुमच्या भिंतीवर लागणाऱ्या फोटोबद्दल काहीच कळत नाही. मी ही रीत वापरत नाही.

त्याऐवजी प्रिंटसाठी वापरल्या जाणाऱ्या भागाची आखूड बाजू घ्या आणि ३५ मि.मी.च्या तशाच बाजूनं भागा. ६×६ वरची तीच ८० मि.मी. लेन्स आता अशी वागते:

- १२×१८ प्रिंटला (भाग ५६×३७.३, गुणक १.५६): ३५ मि.मी.वरच्या ५१ सारखी
- ८×१० प्रिंटला (भाग ५६×४४.८, गुणक १.८७): ४३ सारखी
- चौकोनी प्रिंटला (५६×५६ विरुद्ध २४×२४, गुणक २.३३): ३४ सारखी

लेन्स एकच, कॅमेरा एकच, तरी उत्तर ५१ पासून ३४ पर्यंत फिरतं. कर्णाच्या रीतीनं तिन्ही वेळा ४४ च आलं असतं. ६×७ ला हा फरक ८×१० मध्येही दिसतो: ९० मि.मी. लेन्स कर्णानं सुमारे ४४ येते, प्रिंटच्या मापानं ३९. मामिया आरबी ६७ ची १२७ मि.मी. लेन्स कर्णानं ६२ आणि प्रिंटच्या मापानं ५५. पोर्ट्रेटसाठी लेन्स घेणाऱ्याला सात मि.मी.चा हा फरक चांगलाच जाणवतो.

सावधान: फोकल लेंथ स्वतः बदलत नाही. पेंटाकॉन सिक्सची ८० मि.मी. लेन्स अॅडॅप्टरनं निकॉनवर चढवली तर ती तिथे ८० च राहते, ४३ होत नाही. गुणक लागतो तो एका मापाच्या फिल्मवर जे दिसतं ते दुसऱ्या मापाच्या फिल्मवर दाखवायला कोणती लेन्स लागेल, एवढ्याच प्रश्नाला. आणि असा अॅडॅप्टर लावून केलेली तुलना अर्धवट असते. मोठ्या फिल्मसाठी बनवलेल्या लेन्सचा फक्त मधला भाग त्यात वापरला जातो, त्यामुळे कोपरे फसवे छान दिसतात.

तपासा: भिंतीपासून पाच मीटरवर दोन्ही कॅमेरे आलटून पालटून ठेवा आणि ८×१० च्या आखूड बाजूत किती भिंत येते ते टेपनं मोजा. ५० च्या लेन्सला सुमारे २.४ मीटर यायला हवी, ६×६ वरच्या ८० ला सुमारे २.८. म्हणजे "८० ची आहे म्हणून जवळचं दिसणार" हे उलटं आहे. ८×१० साठी याशिका तुमच्या ५० पेक्षा थोडं रुंदच बघते.

## ४. अॅपर्चर: एक्स्पोजर वेगळं, खोली वेगळी

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून दोन गोष्टी स्वतंत्रपणे लिहितो.

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फिल्मवर पडणाऱ्या प्रकाशासाठी, एफ/८ म्हणजे एफ/८. फिल्म ३५ ची असो की १२० ची, आयएसओ तेच, शटर तेच. इथे कुठलाही गुणक लावायचा नाही. मीटरनं एफ/८ ला १/१२५ सांगितलं तर दोन्ही कॅमेऱ्यांना तेच. गुणक लावून एक्स्पोजर बदलणाऱ्यांचे रोल पातळ किंवा काळेकुट्ट निघतात आणि तरीही बोल लेन्सलाच लावला जातो.

डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे किती भाग स्पष्ट दिसतो ती खोली) आणि मागची धूसरता जुळवायची असेल तर एफ नंबर सोडा आणि भोकाचा व्यास काढा. फोकल लेंथ भागिले एफ नंबर. एकाच जागेवरून, प्रिंटमध्ये तेवढंच दृश्य ठेवून घेतलेल्या दोन फोटोंत व्यास सारखा असेल तर खोली आणि धूसरता सारखीच येते.

- ५० मि.मी. एफ/१.८: २७.८ मि.मी.
- याशिका ८० मि.मी. एफ/३.५: २२.९ मि.मी.
- हॅसलब्लाडची ८० मि.मी. एफ/२.८: २८.६ मि.मी.
- पेंटॅक्स ६७ ची १०५ मि.मी. एफ/२.४: ४३.८ मि.मी.

"मीडियम फॉरमॅट म्हणजे मागचं जास्त उडणारच" हे १२० च्या कॅमेऱ्यांबद्दलचं बोलणं या जोडीपुरतं चुकीचं ठरतं. साधी ५० मि.मी. १.८ ची लेन्स याशिकापेक्षा मागचं जास्त धूसर करते. पेंटॅक्स ६७ ची गोष्ट वेगळी. तिच्याशी बरोबरी करायला ५० मि.मी.ची एफ/१.२ लेन्स लागेल, तरी व्यास ४१.७ च भरतो.

जुळवायचं कसं? ५० ला एफ/४ लावलं तर व्यास १२.५. ८० ला तेवढाच व्यास हवा तर एफ/६.४. याशिकाच्या अॅपर्चरला खटका नसतो, त्यामुळे ५.६ च्या जरासं पुढे लावता येतं. त्याबरोबर सव्वा ते दीड स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी पडतो, तेवढा शटर मंद करायचा. मोठ्या फिल्मची ही खरी किंमत आहे. स्टँड पक्का हवा तो याचसाठी.

सावधान: एकच एफ नंबर ठेवून घेतलेले फोटो आणि खोली जुळवून घेतलेले फोटो एकमेकांत मिसळू नका. पहिले लेन्सची धार बघायला, दुसरे चित्र कसं दिसतं ते बघायला. पुढे त्यांना "भिंत" आणि "शिवार" म्हणतो.

## ५. जागा आणि स्टँड

### भिंतीसाठी

छापील टेस्ट चार्टची गरज नाही. आपल्याकडे जांभ्या चिऱ्यांच्या, गिलावा न केलेल्या भिंती गावोगाव आहेत आणि याहून चांगलं लक्ष्य विकत मिळणार नाही. चिऱ्याच्या अंगावर करंगळी जाईल अशा भोकांपासून टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रांपर्यंत सगळी मापं शेजारीशेजारी असतात. सकाळचं ऊन भिंतीवर तिरकं पडलं की प्रत्येक छिद्राच्या एका कडेला सावली धरते. चांगली लेन्स त्या छिद्राची कड आणि आतली सावली वेगळी दाखवते, ढिली लेन्स दोन्हींचा एकच डाग करून टाकते. चिऱ्यांमधले सांधे सरळ असतात, त्यावरून रेषा वाकतात का तेही कळतं.

भिंतीवर पेपरची पानं चिकटवा, बारीक टायपाच्या छोट्या जाहिरातींची. एक मधोमध, चार कोपऱ्यांत. कोपरे म्हणजे ८×१० च्या चौकटीचे कोपरे, निगेटिव्हचे नव्हेत. मराठी पेपरबरोबर कन्नड पेपरचं एखादं पान जरूर लावा. कन्नड अक्षरांतली बंद वेटोळी बारीक टायपात आधी बुजतात, त्यामुळे लेन्स कुठे हरली हे लवकर समजतं.

भिंत सपाट असल्यानं इथे पुढे-मागे सरकायला हरकत नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत तीच २.४ मीटर भिंत आखूड बाजूला भरली पाहिजे. ५० च्या लेन्सनं ते पाच मीटरवरून येईल, याशिकाच्या ८० नं सुमारे ४.३ मीटरवरून. अंतर लेन्सपासून मोजा, स्टँडच्या पायापासून नाही.

कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे हे डोळ्यानं ठरवू नका. मधल्या पानाच्या जागी आरसा भिंतीला चिकटून धरायला कुणाला तरी सांगा. बघण्याच्या काचेत तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा काटकोनात आला. एवढं केलं नाही तर एक कोपरा नेहमी ढिला येतो आणि "लेन्सची काच हललीय" असं चुकीचं निदान घरी घेऊन जावं लागतं.

याशिकासारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात अजून एक काम उरतं. वरची आणि खालची लेन्स यांच्या मध्यांतलं अंतर पट्टीनं मोजा आणि फ्रेम लावून झाल्यावर स्टँडचा मधला दांडा तेवढा वर घ्या. फोटो खालची लेन्स काढते, तुम्ही बघता वरच्या लेन्समधून.

### शिवारासाठी

इथे नियम उलटा आहे: कॅमेरा जागेवरून हलवायचा नाही. जवळचं आणि लांबचं एकमेकांशी कसं दिसतं हे फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर ठरतं, लेन्सवर नाही आणि फिल्मच्या मापावरही नाही. "मीडियम फॉरमॅटचा पर्स्पेक्टिव्ह वेगळा असतो" असं म्हणणारे बहुतेक वेळा दोन पावलं पुढे गेलेले असतात.

येळ्ळूरच्या शिवारात बांधावर एखादा दगड किंवा खुंटा तीन मीटरवर घ्या, मागे राजहंसगड ठेवा. जमिनीवर तीन खुणा करून स्टँडचे पाय तिथेच रोवा. दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स एकाच उंचीवर आणि एकाच उभ्या रेषेत आणा. याशिकात दृश्य थोडं जास्त येईल, ते प्रिंटच्या वेळी कापायचं. ८० भागिले ५० म्हणजे १.६ पट, म्हणून निगेटिव्हवरचा ४८×३८.४ मि.मी. भाग घ्यायचा.

सावधान: बेळगावात कॅन्टोन्मेंटच्या लष्करी हद्दीत स्टँड मांडू नका. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या संरक्षित वास्तूत स्टँड लावायचा असेल तर आधी परवानगी काढा. नुसत्या लेन्सच्या चाचणीसाठी तिथे जायची गरजही नाही.

## ६. फोटो काढणं

भिंतीसाठी एफ/४, ५.६, ८ आणि ११. प्रत्येक अॅपर्चरला तीन फ्रेम: एक फोकस लागला तसा, एक केसभर पुढे, एक केसभर मागे. चार गुणिले तीन बारा, म्हणजे ६×६ चा एक रोल बरोबर संपतो. ३५ मध्ये याच बारा फ्रेम घ्या, उरलेल्या शिवाराला. याशिकासाठी शिवाराला दुसरा रोल लागेल.

फोकसच्या तीन फ्रेम कंजूषपणानं वगळू नका. लेन्स वाईट आहे म्हणून परत केलेल्या कित्येक लेन्स फक्त फोकस चुकल्यामुळे परत गेलेल्या असतात. कंबरेच्या उंचीवरून बघायच्या काचेत तर भिंग उघडल्याशिवाय फोकस करूच नये.

३५ च्या आरशाच्या कॅमेऱ्यात १/४ ते १/३० हे वेग टाळा, आरशाचा धक्का तिथे सर्वांत जास्त दिसतो. आरसा आधी उचलायची सोय असेल तर वापरा. याशिकाचा आरसा हलतच नाही, म्हणून मंद वेगावर तिला विनाकारण फायदा मिळतो. दोन्हींना १/१२५ किंवा जलद ठेवता आलं तर हा प्रश्नच मिटतो.

दोन्ही कॅमेऱ्यांच्या फ्रेम लागोपाठ घ्या. एकाचा रोल सकाळी आणि दुसऱ्याचा जेवण करून आल्यावर, असं नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूर भागात ढग मिनिटागणिक बदलतात, चाचणी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा.

जवळून पोर्ट्रेट घेणार असाल तर: लेन्स पुढे सरकली की फिल्मवर प्रकाश कमी पोचतो आणि मोठ्या फिल्मवर हा तोटा जास्त असतो. उभ्या फ्रेममध्ये ६० सें.मी. उंचीचं चित्र भरलं तर ३५ वर तो जेमतेम जाणवतो, ६×७ वर सुमारे एक तृतीयांश स्टॉप होतो, ४×५ इंची शीट फिल्मवर जवळपास अर्धा. बाहेरच्या मीटरनं मोजत असाल तर तेवढा वाढवून द्या.

## ७. धुणं

दोन्ही रोल एकाच डेव्हलपरमध्ये, एकाच तापमानाला, सारखे हलवून. एचपी५ प्लस ४०० ला इलफर्ड आयडी-११ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं लागतात, ३५ आणि १२० दोन्हींना तेवढीच. उन्हाळ्यात बेळगावच्या टाकीतलं पाणी २० अंशांच्या बरंच वर असतं, डबा बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी तापमान उतरवा. बाहेर लॅबला पाठवणार असाल तर दोन्ही रोल एकाच पाकिटात पाठवा.

## ८. स्कॅन किंवा एन्लार्जर

दोन्ही निगेटिव्ह एकाच डीपीआयला (इंचामागे तेवढेच ठिपके) स्कॅन करून शंभर टक्क्यांवर बघणं ही सुरुवातीला सांगितलेली तिसरी चूक. तसं केलं की तुम्ही फिल्मचा एकेक मि.मी. सारखाच मोठा करून बघता. प्रिंटमध्ये तसं होत नाही. ८×१० साठी ३५ मि.मी. निगेटिव्ह साडेआठ पट मोठी करावी लागते, ६×६ ची साडेचार पट.

करायचं ते असं: दोन्ही स्कॅन शेवटी ३०००×२४०० पिक्सेलला आणा. ३५ साठी निदान २५४० डीपीआयचं खरं स्कॅन लागेल, ६×६ साठी सुमारे १३६० पुरतं. "खरं" म्हणतोय कारण फ्लॅटबेड स्कॅनरच्या खोक्यावर लिहिलेला डीपीआय आणि त्यातून निघणारा तपशील यांत मोठी तफावत असते. फ्लॅटबेडवर ३५ मि.मी. तपासली तर तुम्ही बव्हंशी स्कॅनरच तपासता आणि १२० आपोआप जिंकते. ३५ साठी डिजिटल कॅमेरा आणि मॅक्रो लेन्सनं निगेटिव्हचा फोटो घेणं जास्त प्रामाणिक.

लॅबला स्पष्ट सांगा: शार्पनिंग बंद, ग्रेन (फिल्मचे दाणे) काढणं बंद, ऑटो कॉन्ट्रास्ट बंद.

एन्लार्जरवर प्रिंट करत असाल तर ३५ ला ५० मि.मी. आणि ६×६ ला ८० मि.मी. अशा दोन वेगळ्या एन्लार्जिंग लेन्स येतात. त्यांतली एक धुळकट असेल तर निकाल तिचाच लागतो. दोन्ही आधी टॉर्चनं बघून घ्या.

## ९. निकाल वाचणं

आधी प्रिंट, मग लूप. प्रिंट हातभर अंतरावर धरून दोन्ही शेजारी बघा आणि मधला भाग, कोपरे, कॉन्ट्रास्ट यांची नोंद करा. त्यानंतर लाइट टेबलवर निगेटिव्ह ठेवून लूपनं पेपरचा कुठला टायप वाचता येतो ते बघा.

ही दोन उत्तरं उलटसुलट येऊ शकतात आणि त्यात विसंगती काही नाही. समजा ३५ च्या लेन्सनं फिल्मवर दर मि.मी.ला ६० रेघ-जोड्या वेगळ्या दाखवल्या आणि ६×६ च्या लेन्सनं ४५. लूपखाली ३५ ची लेन्स सरस. प्रिंटवर ६० भागिले साडेआठ म्हणजे ७, आणि ४५ भागिले साडेचार म्हणजे १०. तिथे ६×६ सरस. म्हणून वहीत दोन रकाने हवेत: "लेन्स म्हणून" आणि "प्रिंट म्हणून". कॅमेरा विकत घेताना दुसरा रकाना बघायचा. दोन ३५ मि.मी. लेन्समधून एक निवडताना पहिला.

ग्रेन लेन्सच्या खात्यावर टाकू नका. ६×६ ची प्रिंट मऊ आणि गुळगुळीत दिसते त्यात मोठा वाटा कमी एन्लार्जमेंटचा असतो. लेन्सचा वाटा बघायचा तर पेपरच्या अक्षरांच्या कडा आणि चिऱ्यांची छिद्रं बघा, आकाश बघू नका.

एफ/४ ला याशिकाचे कोपरे ढिले आले तर घाबरू नका. तीन-चार काचांच्या लेन्सचं ते वळणच आहे, एफ/८ ते ११ ला त्या सावरतात. एफ/११ लाही एकच कोपरा ढिला राहिला तर पहिला संशय काटकोनावर, दुसरा दाबपट्टीवर आणि तिसरा लेन्सवर घ्या. चारही कोपरे सारखेच ढिले असतील तर तो लेन्सचा स्वभाव.

दोन्ही कॅमेऱ्यांतला फरक तुमच्याच तीन फोकस-फ्रेममधल्या आपसातल्या फरकाएवढा निघाला, तर त्या अॅपर्चरला दोघी बरोबरीच्या धरा. मग उरतो तो फ्लेअर, म्हणजे लेन्सवर येणाऱ्या थेट उजेडानं चित्रावर पसरणारी फिकट झाक. त्यासाठी पुढच्या रोलवर दोन फ्रेम सूर्य चौकटीच्या जेमतेम बाहेर ठेवून घ्या, एक लेन्सवर हुड लावून आणि एक हुडाशिवाय. जुन्या कोटिंगच्या लेन्समध्ये या दोन फ्रेमांतला फरक बहुधा भिंतीच्या सगळ्या बारा फ्रेमांपेक्षा मोठा निघतो, म्हणून लेन्स बदलण्याआधी हुड विकत घ्या.